व्यापारी वास्तुसुधारणा अनुदाने

व्यापारी वास्तुसुधारणा अनुदाने : दुकाने, उपाहारगृहे, कार्यालये, लहान कार्यशाळा इ. खाजगी मालकीच्या व्यापारी वास्तूंची दुरुस्ती अथवा त्यांच्या दर्शनी भागाची सुधारणा करण्यासाठी नगरपालिकेने सार्वजनिक निधीतून मालकास किंवा भाडेकरू दुकानदारास दिलेले अर्थसाहाय्य. कर्जाप्रमाणे ते परत करावयाचे नसते. परंतु ते अटींनी बांधलेले असते व रीतसर अर्ज करून, छाननीतून पार पडल्यावरच मिळते. या पद्धतीचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत झाला. ग्रेट ब्रिटनमध्ये तिचे काहीसे वेगळे रूप आढळते.

एका दुकानामागे दिली जाणारी रक्कम बहुधा काही हजार डॉलरांचीच असते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ती नजरेत भरण्याजोगी नाही. तथापि सर्वांच्या करातून जमलेला पैसा एका व्यक्तीच्या मालकीच्या भिंतीवर का खर्च करावा, हा तिच्यामागील प्रश्न जुना आहे व त्यावर अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षे वाद झाला आहे. अर्जाच्या नमुन्यातील बहुतेक रकाने या वादातून निर्माण झाले आहेत. त्यांची पूर्तता करण्याचा भार मात्र ज्याला साहाय्याची गरज सर्वाधिक, अशा लहान दुकानदारावरच अधिक पडतो, असे या पद्धतीच्या इतिहासावरून दिसून येते.

घटनात्मक पार्श्वभूमी : खाजगी उद्योगास सार्वजनिक पैसा देण्याविषयी अमेरिकनांच्या मनात असलेला संशय कटू अनुभवातून आलेला आहे. १८२५ मध्ये पूर्ण झालेल्या ईअरी कालव्याच्या यशानंतर अनेक राज्यांनी कालवे, लोहमार्ग व पेढ्या यांच्यासाठी मोठी कर्जे काढली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने हे मनोरे कोसळले आणि १८४१-४२ मध्ये आठ राज्यांना व फ्लॉरिडा प्रदेशाला कर्जफेड थांबवावी लागली. परिणामी न्यूयॉर्कने १८४६ च्या संविधानाने राज्याची पत खाजगी कंपन्यांच्या साहाय्यार्थ वापरण्यास मनाई केली व इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. राज्यांचे दार बंद झाल्यावर लोहमार्ग कंपन्या शहरांकडे व परगण्यांकडे वळल्या. आपल्या गावाला लोहमार्ग मिळावा म्हणून नगरपालिकांनी रोखे विकून कंपन्यांचे भाग विकत घेतले. कित्येक ठिकाणी गाडी कधी आलीच नाही. रोख्यांचे व्याज मात्र नागरिक वर्षानुवर्षे भरत राहिले. यानंतर इलिनॉय (१८७०), पेनसिल्व्हेनिया (१८७३), मिसूरी (१८७५), टेक्सस (१८७६) इ. राज्यांनी आपल्या संविधानांत नगरपालिकांवरही अशीच बंधने घातली. वॉशिंग्टन राज्याच्या १८८९ च्या संविधानाने तर निर्धन व दुर्बल यांच्या आवश्यक पोषणाखेरीज कोणत्याही व्यक्तीस वा कंपनीस नगरपालिकेने पैसा, मालमत्ता किंवा पत देऊ नये, असे स्पष्ट लिहून ठेवले.

ज्या कलमांचा रोख लोहमार्ग कंपन्यांवर होता, ती पुढे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानालाही लागू पडली. दुकानाची मोडकी खिडकी नगरपालिकेच्या पैशाने बदलावयाची असेल, तर ती देणगी नसून तीत सार्वजनिक प्रयोजन आहे, हे दाखविणे आवश्यक झाले.

आधुनिकीकरणाची कर्जे : दुकानांच्या दर्शनी भागाकडे शासनाचे लक्ष प्रथम वळले ते महामंदीच्या काळात, व तेही अनुदानाच्या रूपाने नव्हे. बांधकाम कारागिरांमधील बेकारी कमी करण्यासाठी १९३४ चा राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा संमत झाला. त्याच्या पहिल्या प्रकरणान्वये दुरुस्ती व आधुनिकीकरण यांसाठी खाजगी पेढ्यांनी दिलेल्या कर्जांना संघीय गृहनिर्माण प्रशासनाने विमासंरक्षण दिले. प्रारंभी कर्जाची मर्यादा २,००० डॉलर होती. १९३५ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ती ५०,००० डॉलरपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षी लिबी-ओवेन्स-फोर्ड या काचनिर्मात्या कंपनीने मुख्य रस्त्यांवरील दुकानांच्या आधुनिकीकरणासाठी वास्तुशिल्पज्ञांची स्पर्धा आयोजित केली. विटांच्या व ओतीव लोखंडाच्या जुन्या दर्शनी भागांवर गुळगुळीत रंगीत काचेचे तक्ते, धातूच्या पट्ट्या व मोठी अक्षरे बसविण्याची लाट त्यानंतर देशभर पसरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढले. पुढे १९७० नंतरच्या अनुदानांतून हे पत्रे काढून मूळची वीट उघडी करण्यासाठी पैसे देण्यात आले. १९३० नंतरच्या दशकातील रंगीत काच मात्र आता स्वतःच ऐतिहासिक ठरली असून तिच्या जतनाविषयी राष्ट्रीय उद्यान सेवेने १९८४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. म्हणजे अर्ध्या शतकात एकाच भिंतीसाठी झाकणे, उघडणे व झाकलेले जपणे अशा तिन्ही कामांना सार्वजनिक आधार मिळाला. दर्शनी भागाच्या ‘सुधारणे’ची व्याख्या त्या त्या काळच्या अभिरुचीवर किती अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

पाडापाडीचे पर्व : १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जीर्ण वस्त्या संपादन करून, पाडून, मोकळी जमीन खाजगी विकासकांना देण्यासाठी शहरांना संघीय साहाय्य उपलब्ध झाले; निव्वळ खर्चाचा दोनतृतीयांश भाग संघशासन उचलत असे. १९५४ च्या दुरुस्तीने पाडण्याबरोबर पुनःस्थापनेलाही मान्यता मिळाली, तरी भर पाडण्यावरच राहिला. याच वर्षी ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या खटल्याचा निकाल लागला. वॉशिंग्टन शहराच्या नैर्ऋत्य भागातील एका मोठ्या दुकानाच्या बाजूने असा युक्तिवाद करण्यात आला, की हे दुकान जीर्ण घर नाही. केवळ परिसर देखणा करण्यासाठी ते घेऊन दुसऱ्या खाजगी व्यक्तीस देणे हा सार्वजनिक उपयोग होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निर्णयानुसार वस्ती आरोग्यसंपन्न असावी तशीच ती सुंदरही असावी, हे ठरविणे विधिमंडळाच्या अधिकारात येते. या निर्णयाने एका दुकानदाराचे दुकान गेले. मात्र परिसराचे रूप हे सार्वजनिक प्रयोजन होऊ शकते, हे त्यातून मान्य झाले आणि दुकाने पाडण्याऐवजी ती सावरण्यासाठी खर्च करू पाहणाऱ्या शहरांना पुढे हेच तत्त्व उपयोगी पडले.

दरम्यान ग्राहक दूर जात होते. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने आंतरराज्य मार्गांच्या बांधणीस वेग दिला. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातील ईडायना येथे व्हिक्टर ग्रूएन यांनी आखलेले साउथडेल हे पूर्णतः बंदिस्त व वातानुकूलित खरेदीकेंद्र सुरू झाले. उपनगरांतील अशा केंद्रांना तोंड देण्यासाठी मिशिगनमधील कॅलमझू शहराने १९५९ मध्ये आपल्या मुख्य रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून तो पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला. अनेक शहरांनी हा मार्ग अनुसरला. पण बहुसंख्य ठिकाणी मंदी हटली नाही व स्वतः कॅलमझूने १९९८ मध्ये तेथे पुन्हा वाहने येऊ दिली [⟶ नगररचना].

गट अनुदान व दर्शनी भाग : १९७४ च्या गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २२ ऑगस्ट रोजी स्वाक्षरी केली. नागरी नूतनीकरण, आदर्श नगरे इ. वेगवेगळ्या योजना एकत्र करून या कायद्याने ‘समुदाय विकास गट अनुदान’ निर्माण केले. ठराविक सूत्रानुसार मोठ्या शहरांना दरवर्षी रक्कम मिळू लागली व तिचा विनियोग पुष्कळ अंशी शहरांनीच ठरवावयाचा होता. लहान गावांचा वाटा १९८१ नंतर राज्यांमार्फत दिला जाऊ लागला. व्यापारी वास्तुसुधारणेच्या नगरपालिकीय योजना आज ज्या स्वरूपात आढळतात, त्यांचा पाया या पैशाने घातला.

या योजना ‘दर्शनी भागा’च्या योजना म्हणून का ओळखल्या जाऊ लागल्या, याचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीत शोधणे अपुरे ठरेल. नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी व्यवसायाच्या मालकीची इमारत असल्यास गट अनुदानातून तिचे पुनःस्थापन करताना मुख्यत्वे बाह्यभागाची सुधारणा, बांधकाम नियमांच्या उल्लंघनांचे निवारण आणि शिसेयुक्त रंग व ॲस्बेस्टस यांसारख्या धोक्यांचे निर्मूलन एवढ्यापुरताच खर्च करता येतो, असे संघीय नियम सांगतात. रस्त्यावरून दिसणारी भिंत ही जाणाऱ्या-येणाऱ्या सर्वांची व आतले फडताळ फक्त दुकानदाराचे, असा या नियमामागील विचार दिसतो. आतील सामग्री वा यंत्रे यांसाठी साहाय्य द्यावयाचे तर ते ‘आर्थिक विकास’ या निराळ्या सदरात बसवावे लागते व तेथे बहुधा किती रोजगार निर्माण होतील, याचा हिशेब मागितला जातो. नानवाईच्या दुकानाची भट्टी बंद पडलेली असताना पाटीसाठी पैसे मिळतात, भट्टीसाठी मिळत नाहीत, अशी स्थिती त्यामुळे उद्‌भवू शकते.

दुसरी कसोटी लाभार्थींची. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या व्यक्तींचा लाभ, जीर्णतेचे निवारण व तातडीची गरज अशी तीन उद्दिष्टे कायद्यात सांगितली असून प्रत्येक खर्च यांपैकी एकाखाली यावा लागतो. एकूण रकमेपैकी अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी खर्च करावयाचा किमान भाग १९८३ मध्ये ५१ टक्के, १९८७ मध्ये ६० टक्के व १९९० मध्ये ७० टक्के असा वाढत गेला. यामुळे एकाच रस्त्यावरील दोन दुकानांचे भवितव्य वेगळे होऊ शकते. वाणी किंवा औषधविक्रेता यांचे गिऱ्हाईक आसपासच्या वस्तीतील असते व त्या वस्तीत निदान ५१ टक्के रहिवासी अल्प वा मध्यम उत्पन्नाचे असतील, तर अर्ज या निकषावर उतरतो. शेजारच्या गाळ्यातील व्यावसायिकाचे ग्राहक साऱ्या शहरातून येत असतील, तर त्याची भिंत तितकीच मोडकळीस आलेली असूनही तो या निकषावर अपात्र ठरण्याचा संभव असतो.

मुख्य रस्ता चळवळ : न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग हे काचनिर्मितीचे लहान गाव १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस चक्रीवादळामुळे आलेल्या पुरात बुडाले. उद्‌ध्वस्त बाजारपेठ पाडण्याऐवजी सावरण्यासाठी १९७४ मध्ये एक स्थानिक संस्था स्थापन झाली. तिला गावातील काच कंपनीच्या निधीचा आधार होता. दुकानदारांना रेखाटने व सल्ला फुकट देणे, हे तिचे प्रमुख कार्य. एका दुकानाचे रूप पालटले की शेजारी चौकशीला येतो, हा अनुभव तेथे आला. पुढे १९७७ मध्ये ऐतिहासिक जतनाच्या राष्ट्रीय न्यासाने गेल्सबर्ग (इलिनॉय), मॅडिसन (इंडियाना) व हॉट स्प्रिंग्ज (साउथ डकोटा) या तीन गावांत मुख्य रस्त्यांच्या पुनरुज्जीवनाचा प्रयोग केला. १९८० मध्ये न्यासाचे ‘मुख्य रस्ता केंद्र’ स्थापन झाले व सहा राज्यांनी ही पद्धत स्वीकारली. व्यापाऱ्यांचे संघटन, प्रसिद्धी, रचना व आर्थिक पुनर्घडण या चार बाजूंनी एकाच वेळी काम करावे, असे तिचे सूत्र होते. बॉस्टनच्या रॉझलिंडेल भागात १९८५ मध्ये तिचा प्रयोग झाला व १९९५ मध्ये महापौर टॉमस मेनिनो यांनी ती संपूर्ण शहरात राबविली. नगरपालिकेच्या अनुदानाचा अर्ज प्रत्यक्षात दुकानदारापर्यंत पोहोचविण्याचे व तो भरून घेण्याचे काम अनेक शहरांत अशाच स्थानिक मंडळांकडे आले.

याच काळात बॉल्टिमोर शहराने वेगळा उपाय केला. करथकबाकी व नूतनीकरणाच्या संपादनांतून पालिकेच्या ताब्यात आलेली ओसाड दुकाने तिने १९७७ च्या सुमारास प्रत्येकी १०० डॉलर किंमतीस विकली. घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून तेथे व्यवसाय सुरू करावा, अशी अट होती. येथे अनुदान रोख रकमेऐवजी मालमत्तेच्या रूपाने दिले गेले, असे म्हणता येईल.

अर्ज व त्याचा प्रवास : शहरागणिक तपशील बदलत असले, तरी प्रक्रियेचा सांगाडा पुष्कळसा सारखा असतो. प्रथम वास्तू निर्धारित क्षेत्रात आहे किंवा नाही हे पाहिले जाते. हद्द बहुधा रस्त्याच्या मध्यरेषेवरून जाते व समोरासमोरच्या दुकानदारांमध्ये त्यावरून असंतोष निर्माण होतो. अर्जासोबत मालमत्ताकर थकलेला नसल्याचा दाखला, सद्यःस्थितीची छायाचित्रे, नियोजित कामाचे रेखाटन, रंगांचे व साहित्याचे नमुने आणि निदान दोन किंवा तीन कंत्राटदारांची दरपत्रके मागविली जातात. अर्जदार भाडेकरू असल्यास मालकाची लेखी संमती अनिवार्य असते. त्यानंतर रचना समिती रेखाटनाची छाननी करते. ऐतिहासिक क्षेत्रात संघीय निधी वापरावयाचा असल्यास १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यान्वये आणखी एक तपासणी होते. मंजुरीनंतर करारनामा होतो, मग बांधकाम परवाना मिळतो व त्यानंतरच काम सुरू करता येते. मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामाचा खर्च सामान्यतः मिळत नाही. पावसाळी वाऱ्याने छत उडालेल्या दुकानदाराने घाईने दुरुस्ती करून घेतली आणि नंतर अर्ज केला, तर तो नियमानुसार नाकारला जातो.

रचना समिती व दुकानदार यांच्या दृष्टींत फरक असतो. समितीला प्रमाणबद्ध खिडक्या, मर्यादित पाट्या व रस्त्याची एकरूपता हवी असते. दुकानदाराला दुरून दिसणारी मोठी पाटी व रात्रीची सुरक्षितता. सरकत्या पोलादी दाराचा, म्हणजे शटरचा, प्रश्न यांत विशेष वादाचा आहे. बंद शटरांची रांग रस्ता भयाण करते, म्हणून बहुतेक योजना जाळीदार शटर बसविण्यास पैसे देतात. न्यूयॉर्क शहराने तर २००९ साली कायदा करून १ जुलै २०११ नंतर बसवावयाच्या अशा दारांचा निदान ७० टक्के भाग आरपार दिसणारा असावा, असे बंधन घातले. काच फुटण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्या दुकानदाराला हे पटणे कठीण जाते व त्याचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची अट प्रतिपूर्तीची. अनुदान आधी दिले जात नाही. काम पूर्ण होऊन, तपासणी होऊन, कंत्राटदारास पैसे दिल्याच्या पावत्या सादर झाल्यावर ते मिळते. उदाहरणादाखल, दर्शनी भागाच्या कामास २०,००० डॉलर खर्च येणार असून नगरपालिका निम्मा वाटा उचलणार आहे, असे मानू. कागदावर दुकानदाराचा वाटा १०,००० डॉलरांचा दिसतो. प्रत्यक्षात त्याला पूर्ण २०,००० डॉलर काही महिन्यांसाठी उभे करावे लागतात. ज्याची पेढीत पत आहे, त्याला हे अवघड नाही. ज्याची पत नाही, तो मंजूर झालेले अनुदानही सोडून देतो. सार्वजनिक पैशाचा अपव्यय टाळण्याचा हा खात्रीचा उपाय असल्याने हिशेब तपासनिसांना तो प्रिय आहे. मात्र त्यामुळे ज्यांना अनुदानावाचूनही सुधारणा करता आली असती, त्यांच्याकडेच पैसा वळण्याचा धोका राहतो. हा दोष ओळखून काही नगरपालिका कंत्राटदारास परस्पर किंवा टप्प्याटप्प्याने रक्कम देतात.

यात वेतनाच्या नियमाची भर पडते. १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार संघीय पैशाच्या बांधकामांवर त्या भागात प्रचलित असलेले वेतन कामगारांना द्यावे लागते. ही अट ज्या रकमेच्या कंत्राटापासून लागू होते, ती २,००० डॉलरांची मर्यादा १९३५ मध्ये ठरली व त्यानंतर वाढविली गेली नाही. गट अनुदानातून केलेल्या दुकानदुरुस्तीलाही ती लागू असल्याने कंत्राटदाराने दर आठवड्यास प्रमाणित वेतनपत्रके सादर करावी लागतात. कामगारांच्या दृष्टीने हे संरक्षण योग्यच आहे. परंतु दोन-तीन माणसे हाताशी धरून काम करणारा रंगारी किंवा सुतार या कागदपत्रांमुळे मागे सरतो, उरलेल्यांची दरपत्रके चढतात आणि अनुदानाचा काही भाग त्या वाढीतच जिरून जातो. अनुदानाची रक्कम करपात्र उत्पन्नातही गणली जाऊ शकते, हे पुष्कळ अर्जदारांना उशिरा कळते.

काम झाल्यावरही संबंध संपत नाही. ठराविक वर्षे दर्शनी भाग सुस्थितीत ठेवण्याचे व परवानगीवाचून न बदलण्याचे हमीपत्र मालकाकडून घेतले जाते. काही शहरे ही रक्कम कर्ज म्हणून नोंदवून मालमत्तेवर तिचा बोजा चढवितात व दरवर्षी थोडाथोडा भाग माफ करतात. मुदतीपूर्वी मालमत्ता विकल्यास उरलेला भाग परत करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील संविधानांच्या कसोटीला येथे उत्तर दिलेले असते. नगरपालिकेने पैसा दिला व मालकाने त्याच्या मोबदल्यात एक बंधन स्वीकारले, म्हणून ही देणगी ठरत नाही. टेक्ससने १९८७ मध्ये घटनादुरुस्ती करून आर्थिक विकास हे सार्वजनिक प्रयोजन असल्याचे जाहीर केले आणि १९८९ मध्ये स्थानिक शासन संहितेत ३८० वे प्रकरण आणून शहरांना त्यासाठी कर्जे व अनुदाने देण्याचा अधिकार दिला. तेथील गावांच्या दर्शनी भागाच्या योजना याच प्रकरणाच्या आधारे चालतात.

निधीचे इतर मार्ग : गट अनुदानाखेरीज करवृद्धीवर आधारलेला निधी हा प्रमुख स्रोत होय. एखाद्या क्षेत्राचे करपात्र मूल्य विवक्षित वर्षी गोठविले जाते व त्यानंतर मूल्य वाढल्याने मिळणारा जादा कर त्याच क्षेत्राच्या विकासासाठी राखून ठेवला जातो. कॅलिफोर्नियाने १९५२ मध्ये ही पद्धत सुरू केली. इलिनॉयने १९७७ मध्ये तिचा कायदा केला. शिकागोचा लघुव्यवसाय सुधारणा निधी याच पैशावर चालतो व निधीपेक्षा मागणी अधिक झाल्यास सोडत काढून अर्जांचा क्रम ठरविला जातो. शाळांना व इतर संस्थांना मिळू शकणारा कर यामुळे अडकून पडतो, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. शाळांवरील भार व राज्याच्या अंदाजपत्रकातील तूट यांमुळेच कॅलिफोर्नियाने आपली सु. ४०० पुनर्विकास अभिकरणे १ फेब्रुवारी २०१२ रोजी विसर्जित केली व त्यांच्या आधारावर चाललेल्या दुकानसुधारणेच्या योजनाही निराधार झाल्या. कोविड-१९ च्या साथीनंतर २०२१ च्या संघीय कायद्याने राज्यांना व शहरांना मिळालेल्या पुनरुत्थान निधीतून अनेक ठिकाणी नव्या योजना निघाल्या. तो निधी बांधून ठेवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. कायम स्रोत नसलेल्या योजना अशाच लाटेसारख्या येतात व ओसरतात. दुकानदाराला त्यांचा पत्ता लागेपर्यंत पुष्कळदा निधी संपलेला असतो.

मालक व भाडेकरू : या अनुदानांचा खरा लाभ कोणाला होतो, हा त्यांच्यावरील चर्चेचा सर्वांत अवघड भाग आहे. अमेरिकेत लहान दुकानदार बहुधा भाडेकरू असतो व त्याचा भाडेकरार मोजक्या वर्षांचा असतो. मुंबईतील पागडीच्या गाळ्यात पिढ्यानपिढ्या बसलेल्या दुकानदाराला भाडेनियंत्रण कायद्याने जे स्थैर्य दिले, तसे संरक्षण तेथील व्यापारी भाडेकरूला सामान्यतः नाही. न्यूयॉर्क शहरात १९४५ ते १९६३ या काळात व्यापारी भाड्यांवर नियंत्रण होते. कॅलिफोर्नियात बर्कलीने १९८० नंतरच्या दशकात असा प्रयत्न केला, तेव्हा राज्याने १९८७ मध्ये कायदा करून व्यापारी भाडेनियंत्रणास मनाईच केली. अशा परिस्थितीत भाडेकरूने स्वतःचा वाटा घालून, अर्जाची यातायात सोसून भिंत सुधारली, तरी भिंत मालकाचीच राहते. करार संपल्यावर सुधारलेल्या दर्शनी भागाच्या आधारे मालक वाढीव भाडे मागू शकतो. रस्ता एकंदरीत सुधारला, तर ही वाढ अनुदान न घेतलेल्या शेजाऱ्यालाही भोगावी लागते.

यावर उपाय म्हणून अनुदान घेणाऱ्या मालकाने काही वर्षे भाडे वाढवू नये किंवा भाडेकरूचा करार निदान हमीपत्राच्या मुदतीइतका असावा, अशी अट सुचविली जाते. अशा अटी घालणारी शहरे आहेत. मात्र मालक मग अर्जावर संमतीची सहीच करीत नाही, अशी अडचण अधिकारी सांगतात. ही अडचण खरी असली, तरी तिच्यामुळे प्रश्न सुटत नाही. भिंतीच्या रंगाविषयी पानेच्या पाने नियम करणाऱ्या योजनांनी त्या भिंतीआड बसणाऱ्या माणसाच्या कराराविषयी इतके थोडे विचारावे, ही या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. सुधारणेनंतर वाढलेली विक्री, भरलेले रिकामे गाळे, वाढलेला कर यांचे आकडे नगरपालिका प्रसिद्ध करतात; परंतु ज्याने अर्ज केला होता तो दुकानदार पाच वर्षांनी त्याच जागी आहे काय, याची नोंद क्वचितच ठेवली जाते.

ग्रेट ब्रिटनमधील स्वरूप : ब्रिटनमध्ये या विषयाचा प्रारंभ अनुदानापेक्षा सहमतीतून झाला. डंकन सँडिस यांनी १९५७ मध्ये स्थापिलेल्या सिव्हिक ट्रस्टने १९५९ मध्ये नॉरिच येथील मॅग्डेलन स्ट्रीटवरील दुकानदारांना एकत्र आणून रंग, पाट्या व दिवे यांची सुसंगत योजना राबविली. तिचे अनुकरण देशभर झाले. १९७८ च्या अंतर्नगर क्षेत्र कायद्याने नियुक्त स्थानिक प्राधिकरणांना औद्योगिक व व्यापारी सुधारणा क्षेत्रे जाहीर करून इमारतींच्या सुधारणेसाठी अनुदान देण्याचा अधिकार दिला. खर्चाच्या ५० टक्के किंवा निर्माण होणाऱ्या अथवा टिकणाऱ्या प्रत्येक रोजगारामागे १,००० पौंड, यांपैकी कमी असेल ती अनुदानाची मर्यादा होती. म्हणजे भिंतीचे मोल तेथे आतील रोजगारावरून केले जाई. पुढील काळात वारसाजतनाच्या योजनांतून हा निधी येऊ लागला. हिस्टॉरिक इंग्लंडची ९.५ कोटी पौंडांची मुख्य बाजाररस्त्यांची वारसा योजना २०१९ मध्ये जाहीर झाली. साठाहून अधिक रस्त्यांवर तीतून दुकानांचे जुने दर्शनी भाग पूर्ववत करण्यात आले व मार्च २०२४ मध्ये तिची मुदत संपली.